चिप अडवली, तर काय काय अडते

निर्यातबंदी म्हणजे काय, हे नाशिककडच्या कांदेवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याने ती भोगलेली आहे. इतरांसाठी सांगतो. आपल्या देशातला माल परदेशात विकायला पाठवणे, याला निर्यात म्हणतात. तो पाठवू नका, असा सरकारने हुकूम काढला, की झाली निर्यातबंदी. ८ डिसेंबर २०२३ ला भारत सरकारने कांद्याबाबत असा हुकूम काढला. तो ४ मे २०२४ पर्यंत चालला. लासलगावच्या बाजारात भाव कोसळले.

त्याआधी २०१९ सालीही अशीच बंदी आली होती. तेव्हा बांगलादेशात कांदा फार महागला. तिथल्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. त्या हसत हसत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला सांगून ठेवले आहे, कांद्यावाचून स्वयंपाक कर. त्या हसल्या खऱ्या, पण बांगलादेशाने मग इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान असा जिथून मिळेल तिथून कांदा आणला.

म्हणजे पाहा, हुकूम एका देशाचा. पण झळ आपल्या शेतकऱ्याला बसली, शेजारच्या गिऱ्हाइकाला बसली, आणि लाभ तिसऱ्याच व्यापाऱ्याला झाला.

कांदा निदान कुठल्याही देशात पिकतो. पण जी वस्तू सगळ्या जगात चार-दोन ठिकाणीच होते, तिची निर्यात अडवली तर काय होईल? अशी एक वस्तू आहे. तिचे नाव चिप. अमेरिकेने चीनला भारी चिपा देणे २०२२ साली अडवले. त्याचे परिणाम कुठे कुठे गेले, ते या धड्यात सांगतो.

चिप म्हणजे काय?

चिप मोबाइलमध्ये असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. रेशन दुकानात अंगठा लावतो त्या यंत्रातही ती असते. डेअरीत दुधाचे फॅट काढतात त्या यंत्रात असते. बँकेच्या कार्डावर सोनेरी चौकोन दिसतो ना, त्याच्या खाली असते. नव्या मोटारीत तर शेकड्यांनी असतात.

ही चिप सिलिकॉनची करतात. सिलिकॉन वाळूतून काढतात. तांब्याच्या तारेतून वीज जाते. काचेतून जात नाही. सिलिकॉन या दोहोंच्या मधले. त्यात दुसरी द्रव्ये अगदी किंचित मिसळली, तर सांगू तेव्हा ते वीज जाऊ देते आणि सांगू तेव्हा अडवते. म्हणून त्याला अर्धवाहक म्हणतात.

घरात दिव्याचे बटण असते. दाबले की दिवा लागतो, पुन्हा दाबले की विझतो. अर्धवाहकाचे असेच एक इवलेसे बटण १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचे नाव ट्रान्झिस्टर. होय, ज्याच्यावरून आपण रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागलो, तोच हा. पुढे अशी पुष्कळ बटणे एकाच तुकड्यावर बसवायची युक्ती निघाली. तो तुकडा म्हणजे चिप.

पुष्कळ म्हणजे किती? अमेरिकेत एनव्हिडिया नावाची कंपनी आहे. तिने २०२२ साली एच-१०० नावाची चिप आणली. तिच्यावर आठ हजार कोटी बटणे आहेत. साऱ्या जगाची वस्ती आठशे कोटींच्या आसपास. म्हणजे माणशी दहा बटणे झाली! आणि हे सगळे हाताच्या पंज्यात मावते.

सगळ्या चिपा अशा नसतात. दिव्याची, पंख्याची, गाडीच्या काचेची चिप साधी असते. ती स्वस्त असते आणि बऱ्याच देशांत होते. एच-१०० सारखी चिप भारी. अशा हजारो चिपा एकत्र जोडून यंत्राला शिकवता येते. त्याला अफाट मजकूर, चित्रे, आकडे दाखवले, की ते त्यातून अंदाज बांधू लागते. यालाच कृत्रिम बुद्धी म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आम्हांला त्याचे काय? २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर निरोप पाठवले. पाऊस कधी सुरू होईल, याचा अंदाज त्यात होता. तो अंदाज अशा शिकवलेल्या यंत्रांनी काढला होता. पेरणी कधी करायची, हा प्रश्न आता अशा चिपांपर्यंत जाऊन पोचला आहे. पण लढाईत बाण नेमका कुठे सोडायचा, हा प्रश्नही तिथेच पोचला आहे. सगळ्या भांडणाचे मूळ इथे आहे.

एकट्याच्याने न होणारे काम

भारी चिप कोणत्याही एका देशाला एकट्याने करता येत नाही. आमच्या मते ही गोष्ट नीट समजली, की पुढचे सारे आपोआप समजते.

गावात पूर्वी बलुतेदारी होती. सुताराने औताचे लाकूड घडवावे, लोहाराने फाळ बसवावा, चांभाराने नाडा करावा. एकही बिघडला तर पेरणी खोळंबे. भारी चिपचे तसेच आहे. तिचा नकाशा बहुतेक अमेरिकेत काढतात. लागणारी कितीतरी रसायने जपानची. चिप घडते मुख्यतः तैवान बेटावर, टीएसएमसी नावाच्या कंपनीत. तिच्यासोबत लागणारी स्मरणाची चिप दक्षिण कोरियातून येते. आणि जे यंत्र नसेल तर यातले काहीच होणार नाही, ते यंत्र हॉलंडमध्ये होते. वेल्डहोवेन गावातली एएसएमएल ही एकटी कंपनी ते करते. जगात दुसरी कोणी नाही.

हे यंत्र करते काय? सिलिकॉनच्या तबकडीवर उजेडाने नक्षी उमटवते. साध्या उजेडाने एवढी बारीक नक्षी उमटत नाही. जाड टोकाच्या लेखणीने तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिता येत नाही, तसेच हे. म्हणून एक वेगळा उजेड करावा लागतो. तो कसा करतात, ऐका. यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब पडत असतात. एका सेकंदात पन्नास हजार थेंब. प्रत्येक थेंबावर प्रखर लेसर किरण मारायचा, तोही दोनदा. थेंबाची वाफ होऊन भडका उडतो. त्या भडक्यातून हवा तो उजेड निघतो. मग तो आरशांवरून तबकडीवर आणायचा. हे आरसे जर्मनीतली झाइस कंपनी घासून देते. लेसर जर्मनीतलाच. उजेडाचा हा भाग जुळवण्याचे काम अमेरिकेत झालेले आहे. यंत्रात लाखभर सुटे भाग असतात. एकाची किंमत हजार कोटी रुपयांच्या वर जाते. आम्हांला वाटते, माणसाच्या हातून झालेल्या बारीक कामांत याच्या तोडीचे काम क्वचितच असेल.

हुकूम निघाला

७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने हुकूम काढला. चीनला भारी चिपा आमच्या परवान्याशिवाय विकायच्या नाहीत. त्या करण्याची यंत्रेही द्यायची नाहीत. शिवाय चीनमधल्या अशा कारखान्यांना आमच्या नागरिकांनी मदतही करायची नाही. विद्या माणसाच्या डोक्यात असते, हे अमेरिकेला माहीत होते. म्हणून यंत्राबरोबर माणूसही अडवला.

अमेरिकेचे म्हणणे असे, की या चिपांनी चीन आपले सैन्य बळकट करील. चीनचे म्हणणे असे, की सैन्याचे निमित्त आहे, आम्हांला मागे ठेवायचे आहे. आम्हांला विचाराल, तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

पण चिप तर तैवानात होते. यंत्र हॉलंडचे. तिथे अमेरिकेचा हुकूम कसा चालतो? त्याची तऱ्हा अशी. अमेरिका म्हणते, माल तुम्ही कुठेही करा, तो करताना आमची विद्या किंवा आमचे यंत्र वापरले असेल, तर तो कोणाला विकायचा ते आम्हांला विचारा. बियाणे देणाऱ्याने म्हणावे, तुझ्या शेतातले पीक कोणाला घालायचे ते मी सांगणार! तसाच हा प्रकार. तरीही कंपन्या ऐकतात. कारण अमेरिकेची विद्या नाही अशी भारी चिप जवळजवळ नाहीच.

हॉलंडने सर्वांत भारी यंत्रे चीनला कधीच दिली नव्हती. २०१९ पासून त्याचा परवाना अडलेला होता. आता जपाननेही जुलै २०२३ पासून तेवीस जातींच्या यंत्रांवर परवाना बसवला. सप्टेंबरपासून हॉलंडने दुसऱ्या फळीच्या यंत्रांवरही बसवला. दरम्यान चीनने मिळतील तेवढी यंत्रे घाईघाईने घेऊन ठेवली. टंचाईची कुणकुण लागताच आपण खताची पोती घरात आणून टाकतो, तसेच केले.

ज्याला अडवले तो

चीनमध्ये हुवावे नावाची मोठी कंपनी आहे. २०२० च्या उन्हाळ्यात जगात सर्वांत जास्त मोबाइल तिने विकले होते. तिच्यावरची बंधने २०१९ पासूनच सुरू झाली होती. सप्टेंबर २०२० मध्ये तैवानहून तिला चिपा येणे थांबले. कंपनीचा मोबाइलचा धंदा बसला. ऑनर नावाची आपली शाखा तिने विकून टाकली.

आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हुवावेने एक नवा मोबाइल बाजारात आणला. त्यात चीनमध्येच घडलेली चांगल्यापैकी चिप होती. जुन्या यंत्रांवर, जास्त खर्च करून, पुन्हा पुन्हा तीच नक्षी उमटवून ती केली होती. ती अगदी पहिल्या दर्जाची नव्हती. पण होणार नाही असे पुष्कळांना वाटत होते, ते झाले. चिनी सरकारने मे २०२४ मध्ये चिपांच्या धंद्यासाठी आणखी एक फंड उभा केला. त्याची रक्कम आपल्या पैशात सुमारे चार लाख कोटी रुपये होते.

ज्याने अडवले त्यालाही चटका बसलाच. एनव्हिडियाचे मोठे गिऱ्हाईक चीन. मग कंपनीने काय करावे? नियमात बसेल अशी थोडी कमी ताकदीची चिप खास चीनसाठी केली. म्हणजे दुधात नियमाला चालेल तेवढे पाणी घालायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने नियम कडक केला. कंपनीने आणखी पातळ चिप केली. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने तीही अडवली. कंपनीने जाहीर केले, की साडेपाच अब्ज डॉलरचा फटका बसेल. जुलैत तीच चिप विकायला सरकार राजी झाले. डिसेंबर २०२५ मध्ये तर अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याहून भारी चिप विकायला होकार दिला. मात्र विक्रीतला पंचवीस टक्के वाटा सरकारला मिळाला पाहिजे. देशाच्या रक्षणासाठी जो माल अडवायचा, तो पैसे भरले की चालतो कसा, असे तिथल्याच पुष्कळ लोकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

बंदी आली की चोरवाटाही येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिंगापुरात तिघांवर असे आरोप ठेवले, की मोठी संगणक यंत्रे शेवटी कोणाकडे जाणार, हे त्यांनी खोटे सांगितले.

ज्यांचा भांडणाशी संबंध नाही ते

चीनही गप्प बसला नाही. चिपांना लागणारा गॅलियम नावाचा धातू जवळजवळ सगळा चीनमध्ये निघतो. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्यावर आणि जर्मेनियमवर परवाना बसवला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला ते देणेच बंद केले. ती बंदी नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षभरासाठी तहकूब झाली.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जकातीचे भांडण काढले. तेव्हा चीनने सात दुर्मिळ धातू आणि त्यांची लोहचुंबके परवान्याखाली आणली. परवाना सगळ्याच देशांना. ही चुंबके विजेच्या गाडीच्या मोटरीत बसतात. त्याची झळ थेट आपल्या पुण्यात आली. बजाज ऑटो कंपनीने जुलैत सांगितले, की चुंबके आली नाहीत तर ऑगस्टमध्ये विजेच्या स्कूटरी एकही निघणार नाहीत. कंपनीने कसाबसा माल मिळवला आणि २० ऑगस्टच्या सुमारास गाड्या पुन्हा दुकानांकडे निघाल्या. पुण्याच्या कामगाराने ना चिप अडवली होती, ना चुंबक.

याच काळात अमेरिकेने आणखी एक चाल केली. चिपचा नकाशा काढायची जी संगणकी साधने असतात, ती मेअखेरीस चीनला देणे थांबवले. जुलैच्या सुरुवातीला ते परत सुरू केले. तू चुंबक सोड, मी नकाशा सोडतो, असा तो सौदा होता.

हॉलंडची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. तिथे नेक्सपीरिया नावाची कंपनी आहे. मालक चिनी. ती भारी चिपा करतच नाही. गाडीत बसणाऱ्या स्वस्त, साध्या चिपा करते. जर्मनीत हॅम्बुर्गला घडवायच्या आणि पुष्कळशा चीनमध्ये नेऊन वेष्टनात बसवायच्या, असा तिचा धंदा. बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी अमेरिकेने सप्टेंबर २०२५ अखेर वाढवली. तेव्हा ही कंपनीही सापडणार, असे दिसू लागले. ३० सप्टेंबरला हॉलंडच्या सरकारने १९५२ सालचा एक जुना कायदा बाहेर काढला आणि कंपनीचे निर्णय आपल्या हाती घेतले. ४ ऑक्टोबरला चीनने उलट हुकूम सोडला, की इथला तयार माल बाहेर जाऊ देणार नाही. झाले! भांडण भारी चिपचे, आणि नाड्या आवळल्या साध्या चिपच्या. ऑक्टोबरच्या शेवटी होंडा कंपनीला मेक्सिकोतला मोटारींचा कारखाना थांबवावा लागला. मेक्सिको कुठे, हॉलंड कुठे! लाखो रुपयांची गाडी काही रुपयांच्या चिपेवाचून उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये हॉलंडने आपला हुकूम स्थगित केला. त्याआधी ३० ऑक्टोबरला अमेरिकेचे आणि चीनचे अध्यक्ष दक्षिण कोरियात बुसान येथे भेटले होते. काही बंधने वर्षभर थांबवायचे ठरले. थांबवायचे, उठवायचे नव्हे.

आपल्या देशाचे नाव यात कुठे आले? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने साऱ्या जगाचे तीन गट पाडले. अठरा मित्र देशांना भारी चिपा मोकळ्या. चीन, रशिया अशांना बंद. उरलेल्यांना मोजून मापून. भारत या मधल्या गटात होता. मे २०२५ मध्ये, नियम लागू होण्याच्या तोंडावर, अमेरिकेने तो मागे घेतला. घेतला हे बरे झाले. पण एका देशाच्या कचेरीत बसून सगळ्या जगाची पंगत मांडता येते, हे त्या चार महिन्यांत सर्वांना दिसले.

पुण्यातली एक गोष्ट

भारताला हा अनुभव नवा नाही. १९८० नंतरच्या काळात भारताला मोठा संगणक हवा होता. हवामानाचे गणित करायला आणि संशोधनाला. तो अमेरिकेची क्रे कंपनी करत असे. मोठा संगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. त्यावर तुम्ही अणुबॉम्बचे, अग्निबाणाचे गणित कराल, ही शंका. कमी ताकदीचा मिळाला, तोही केवळ हवामानासाठी.

मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. तीन वर्षांची मुदत होती. १९९१ साली परम ८००० हा संगणक पुण्यात उभा राहिला. एक भला मोठा बैल मिळत नव्हता, म्हणून पुष्कळ लहान बैल एका जुवाला जुंपले, अशी त्याची युक्ती. ते काम मोठे होते, यात शंका नाही.

पण ही गोष्ट सांगताना एक भाग लोक गाळतात. परममधले ते लहान बैल, म्हणजे त्याच्या चिपा, इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीच्या होत्या. जोडणी आपली, बुद्धी आपली, चिप बाहेरची. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याला पाषाण भागातल्या हवामान संस्थेत अर्क नावाचा मोठा संगणक सुरू झाला. मॉन्सूनचे गणित आता तो करतो. त्याच्याही आतल्या चिपा परदेशी आहेत.

गुजरातेत धोलेरा येथे टाटांच्या चिप कारखान्याची कोनशिला १३ मार्च २०२४ ला बसली. तिथे भारी चिपा व्हायच्या नाहीत. गाड्यांत, घरगुती यंत्रांत लागतात तशा व्हायच्या आहेत. आमच्या मते सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे आहे, कारण होंडाचा कारखाना थांबला तो अशाच चिपेवाचून. विद्या तैवानच्या पीएसएमसी कंपनीकडून घेतली आहे. यंत्रांसाठी जपानच्या टोकियो इलेक्ट्रॉन कंपनीशी सप्टेंबर २०२४ मध्ये करार झाला आहे. आणि जपानने २०२३ साली ज्या तेवीस जातींच्या यंत्रांवर परवाना बसवला, त्यांतली काही ही कंपनीही करते.